नकाशात सुताचा गुंता : टोपॉलॉजीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग नेमक्या कुठून सुरू करायच्या?

टॉवेलवाला_आयटी (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क बघतो. नावाला आयटी, बाकी प्रिंटरच्या टोनरपासून हजेरीच्या मशीनपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तीन शेड, डाइंग, पॅकिंग, डिस्पॅच, गोडाऊन आणि ऑफिस मिळून ३८ मॅनेज्ड स्विच (ज्यांत सेटिंग करता येतात, माहिती विचारता येते असे) आहेत. कॅमेरे वेगळे.

गेल्या महिन्यात एका जुन्या डेस्कटॉपवर लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) बसवलं. ग्राफ झकास येतात. पण नेटवर्क मॅप (कोण कुणाला जोडलंय त्याचं चित्र, म्हणजेच टोपॉलॉजी) उघडला की डोकं फिरतं. ठिपके ३८ आणि रेघा मोजल्या तर १४० च्या वर. कांडी मशीनवर पोरानं सूत सांडून ठेवावं तसं दिसतं. शिवाय पान रिफ्रेश केलं की दर वेळी आकार नवा.

परवा डाइंगचं नेट गेलं. मालक मागं उभे. मी ऐटीत नकाशा उघडला, तर तो अर्धा मिनिट नुसता गरगर फिरत राहिला. मालक म्हणाले, "हे काय, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा का?"

नेटवरून एक फिजिक्सचा (ठिपके कसे हलतात ते ठरवणाऱ्या सेटिंगचा) तुकडा उचलून ऑप्शनमध्ये चिकटवला. ग्रॅव्हिटी, स्प्रिंग लेंग्थ, डँपिंग सगळे आकडे फिरवून बघितले. गुंता मोठा होतो, बारका होतो, सुटत काही नाही. कुठला आकडा धरायचा? चित्र जोडलंय.

भाकरी_कडक (रात्री ११:०५)

३८ स्विचसाठी एवढा खटाटोप कशाला? ड्रॉ डॉट आयओवर हातानं काढा, अर्ध्या दिवसाचं काम. प्रिंट मारून भिंतीवर लावा. मालक खूश, तुम्ही मोकळे.

होटगी_नाका (रात्री ११:३०)

@भाकरी_कडक, काय बे, हातानं काढलेला नकाशा त्याच दिवशीपुरता खरा असतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सीसीटीव्हीवाला येऊन एक केबल इकडची तिकडं खुपसून जातो.

@टॉवेलवाला_आयटी, तूर्त फिजिक्सला हात लावू नका. आमच्या घरात दोन पिढ्या माग चालले. वडील सांगायचे, गुंता दिसला की ओढायचं नाही, आधी टोक शोधायचं. तुम्ही ओढलालाव.

हा नकाशा कुठल्या माहितीवर उभा आहे ते आधी बघा. लिब्रेएनएमएसमध्ये 'नेटवर्क मॅप आयटम्स' नावाची सेटिंग आहे. तिच्यात 'एक्सडीपी' आणि 'मॅक' अशा दोन गोष्टी मुळातच चालू असतात. एक्सडीपी म्हणजे एलएलडीपी, सीडीपी वगैरे. यात स्विच स्वतः शेजाऱ्याला सांगतो की मी अमुक, माझ्या अमुक पोर्टमधून बोलतोय. मॅक म्हणजे एआरपी टेबलातल्या (कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्याचा, त्या यादीतल्या) नोंदींवरून काढलेला अंदाज. तुमचे सगळे स्विच एकाच मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (नेटवर्कमधल्या एकाच कप्प्यात) असणार, म्हणजे बरेच जण बऱ्याच जणांना ओळखतात. पण अख्खी पेठ एकमेकांना ओळखते म्हणून काय प्रत्येक घरातून प्रत्येक घरात बोळ निघत नाही. तो अंदाज बंद करा, फक्त एक्सडीपी ठेवा, मग पुढचं बोलू.

संपादक (मंगळवार, सकाळी ७:१५)

पहिल्या पोस्टमधलं चित्र काढून टाकलंय. कोपऱ्यात एसएनएमपी कम्युनिटी (उपकरणांची माहिती वाचायचा पासवर्ड) दिसत होती. शिवाय ती 'पब्लिक' (मुळात असते तीच) होती, म्हणजे लपवण्यासारखंही काही नव्हतं. तरी आज बदला. नवी ठेवलीत की तीही इथं टाकू नका.

टॉवेलवाला_आयटी (दुपारी १:२०)

संपादक, चूक झाली. बदलली.

@होटगी_नाका, मॅक बंद केलं आणि १४० च्या रेघा थेट ३० वर आल्या! पण आता दुसरंच दुखणं. ११ स्विच अनाथ, त्यांना एकही रेघ नाही. ते सगळे शेड ३ मधले, दिवाळीत घेतलेले स्वस्तातले स्मार्ट स्विच आहेत. आणि कोअरच्या (मुख्य स्विचच्या) २४ नंबर पोर्टवर एक नाही, तीन-तीन शेजारी दिसतात : पॅकिंग, डिस्पॅच, गोडाऊन. एका पोर्टात तीन केबल कशा जातील?

होटगी_नाका (दुपारी २:१०)

आता नकाशा बोलायला लागला. जरा हिशोब करू.

झाडासारखी साधी जोडणी असली, कुठं रिंग नाही, तर जितके स्विच त्याच्यापेक्षा एक रेघ कमी लागते. ११ अनाथ सोडले तर उरले २७, त्यांना २६ रेघा पुरेत. तुमच्याकडं ३०. म्हणजे चार रेघा फुकटच्या. त्या चार कुठून आल्या हे कळलं की अर्धं काम झालं.

पैकी तीन मी इथं बसून सांगतो. कोअर आणि ते तिघे यांच्यामध्ये एक मुका स्विच आहे. अनमॅनेज्ड. एलएलडीपीची पाकिटं ज्या पत्त्यावर जातात (०१-८०-सी२-००-००-०ई) ती नियमाप्रमाणं ब्रिजनं (म्हणजे स्विचनं) पुढं पाठवायची नसतात. पण बरेच स्वस्तातले मुके डबे नियमबियम जाणत नाहीत, सगळीकडं वाटून टाकतात. मग कोअर, पॅकिंग, डिस्पॅच, गोडाऊन चौघांनाही वाटतं की उरलेले तिघे माझे सख्खे शेजारी. चौघांत प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ म्हणजे सहा. खरं तर मधल्या डब्यातून तीनच जोडण्या पुरतात. तीन जास्त त्या ह्याच. तो डबा नकाशात कधीच दिसणार नाही, कारण तो स्वतःबद्दल काही बोलतच नाही. केबल धरून चालत जा.

चौथी रेघ नंतर.

अनाथांचं म्हणाल तर त्या ११ वर एलएलडीपी चालू आहे का बघा. स्वस्तातल्यांत बरेचदा मुळात बंदच असतं.

विजापूर_वेस (दुपारी ३:४५)

मध्येच घुसते. मी केबल-इंटरनेटच्या धंद्यात आहे, असले नकाशे रोजचेच. टॉवेलवाले दादा, एलएलडीपी चालू केलं की लगेच रेघ येत नाही म्हणून घाबरू नका. पाकीट दर ३० सेकंदांनी निघतं, पण लिब्रेएनएमएसची डिस्कव्हरी (पोर्ट, शेजारी नव्यानं शोधणं) सहा तासांनी एकदा चालते. ग्राफचं पोलिंग (आकडे विचारणं) पाच मिनिटांनी, ते वेगळं. घाई असेल तर त्या एका उपकरणाची डिस्कव्हरी हातानं चालवा.

टॉवेलवाला_आयटी (बुधवार, रात्री ९:३०)

ताई, धन्यवाद. एलएलडीपी बंदच होतं, ११ च्या ११ वर. चालू केलं, डिस्कव्हरी हातानं चालवली. तरीही अनाथ ते अनाथच!

होटगी_नाका (रात्री ९:५०)

त्यांची नावं काय आहेत?

टॉवेलवाला_आयटी (रात्री ९:५२)

नावं म्हणजे? आयपी सांगू का?

होटगी_नाका (रात्री १०:०५)

सिस्टीम नेम हो. डब्यातून काढल्यावर जे असतं ते. सगळ्यांचं एकच असणार. आणि त्याच सिस्नेमचं दुसरं उपकरण लिब्रेएनएमएस मुळात घ्यायलाच तयार नसतं. तुम्ही फोर्स करून घुसवलं असणार.

टॉवेलवाला_आयटी (रात्री १०:१०)

... हो. नाही म्हणत होतं म्हणून फोर्सवर टिक केली.

भाकरी_कडक (रात्री १०:१२)

😂 शेड ३ मध्ये अकरा जण, सगळ्यांचं नाव 'स्विच'.

होटगी_नाका (रात्री १०:३०)

मग शेजारी म्हणतो, माझ्या १ नंबर पोर्टवर 'स्विच' आहे. नकाशानं ती रेघ कुठल्या 'स्विच'ला जोडायची? ते गप्प बसतं, आणि बरोबरच करतं. चुकीच्या ठिकाणी जोडण्यापेक्षा न जोडलेलं बरं.

नावं ठेवताना कारखान्यातल्या माणसाला वाचून कळेल असं ठेवा. शेड, रॅक, क्रमांक. उद्या तुम्ही रजेवर असलात आणि लूमवरचा जॉबर फोनवर म्हणाला, "साहेब, शे३-रॅ२-०१ चा दिवा लाल आहे," तर तेवढ्यावर काम झालं पाहिजे. देवांची नावं, ग्रहांची नावं असली हौस नको. मी एके ठिकाणी सगळे स्विच नद्यांच्या नावांनी पाहिलेत. भीमा डाउन झाली तर कुठं पळायचं?

टॉवेलवाला_आयटी (शुक्रवार, संध्याकाळी ७:४०)

मोठा रिपोर्ट आहे, चहा घेऊन बसा.

नावं बदलली, ११ च्या ११ रेघा आल्या. आता ३८ स्विच, ४१ रेघा. ३७ हव्यात, म्हणजे जास्तीच्या चार अजून तशाच. हिशोब बरोबर बसतो.

काल दुपारी कोअरच्या २४ ची केबल धरून निघालो. बाहेर ४२ डिग्री, पत्र्याखाली किती ते विचारू नका. केबल शेड १ च्या भिंतीवरनं पॅकिंगच्या मागच्या खोलीत गेली. तिथं टॉवेलच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. दोन हमालांना घेऊन चार गाठी उतरवल्या, तर मागं भिंतीत एक खिळा, आणि खिळ्याला टॉवेलच्या किनारीच्या पट्टीनं बांधलेला एक निळा आठ पोर्टचा डबा. अडॅप्टर वेगळ्या पट्टीनं बांधलेला. वर कापसाच्या बारीक तंतूंचा एवढा थर की दिवे लागलेत का तेही दिसेना. बोटानं पुसलं, तर चार हिरवे दिवे लुकलुकत होते. कोअर, पॅकिंग, डिस्पॅच, गोडाऊन. होटगी_नाका, तुम्ही इकडं कधी येऊन गेलात का खरं सांगा.

कुणी लावला, कधी लावला, कुणालाच माहीत नाही. गोडाऊनचे एक जुने काका म्हणाले, "ते होय, ते तर आधीपासनं हाय."

तो काढून तिथं शिल्लक असलेला मॅनेज्ड स्विच लावला, नाव दिलं, एलएलडीपी चालू केलं. आता ३९ स्विच, ३९ रेघा.

विजापूर_वेस (रात्री ८:१०)

वा! ३९ ला ३८ हव्यात. म्हणजे आता एकच जास्त. ती रिंग असणार.

होटगी_नाका (रात्री ८:४०)

हीच ती चौथी. कुठून कुठं जाते?

टॉवेलवाला_आयटी (रात्री ८:५५)

डिस्पॅच ते शेड ३. इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, "एक तुटली तर दुसरी असावी म्हणून टाकली साहेब." म्हणजे चांगल्या मनानंच टाकलीय. पण मग लूप होऊन सगळं बंद कसं पडलं नाही?

होटगी_नाका (रात्री ९:२५)

स्पॅनिंग ट्री (लूप होऊ नये म्हणून स्विच आपसात ठरवून जादा वाट अडवतात ती सोय, एसटीपी) चालू आहे म्हणून. त्यानं रिंगमधलं एक पोर्ट अडवून ठेवलंय. पण नकाशावर ते दिसत नाही, इथंच भलेभले फसतात. अडवलेल्या पोर्टवरही एलएलडीपी चालूच असतं. त्यामुळं नकाशावर चालती वाट आणि अडवलेली वाट दोन्ही सारख्याच ठसठशीत. डेटा खरा कुठून जातो ते शोधायला पोर्टची एसटीपी स्थिती बघावी लागते. ब्रिज-मिबमध्ये (एसएनएमपीतून ही स्थिती मिळते त्या यादीत) ५ म्हणजे फॉरवर्डिंग (चालू), २ म्हणजे ब्लॉकिंग (अडवलेलं).

आणि एक करा, रूट ब्रिज (त्या झाडाचं मूळ असलेला स्विच) कोण आहे ते बघून सांगा. मला एक संशय आहे.

टॉवेलवाला_आयटी (शनिवार, सकाळी ११:००)

रूट : पॅकिंगमधला सगळ्यात जुना स्विच. कोअर नाही!! अडवलेलं पोर्ट शेड ३ चं, तेही कोअरकडं जाणारं. म्हणजे शेड ३ ची सगळी रहदारी डिस्पॅच, पॅकिंगवरनं फिरून कोअरला येत होती. जवळचा रस्ता बंद आणि लांबचा चालू.

होटगी_नाका (सकाळी ११:२०)

संशय खरा ठरला. कुणीच प्रायॉरिटी (रूट कोण ते ठरवणारा आकडा, लहान तो आधी) दिली नाही तर सगळ्यांची ३२७६८ असते. मग ज्याचा मॅक पत्ता सगळ्यात लहान तो रूट होतो. एकाच कंपनीच्या मालात जुना स्विच म्हणजे बहुधा लहान पत्ता. असा कुठल्यातरी खोलीतला म्हातारा स्विच गावचा पाटील होऊन बसतो. कोअरची प्रायॉरिटी ४०९६ करा (ती ४०९६ च्या पटीतच देता येते), दुसऱ्या मोठ्या स्विचला ८१९२ द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, झाड नव्यानं उभं राहताना सगळे क्षणभर अडकतात. इलेक्ट्रिशियनची केबल राहू द्या, ती कामाची आहे.

भाकरी_कडक (सकाळी ११:४५)

माझा ड्रॉ डॉट आयओचा सल्ला मागं घेतो. हातानं काढलं असतं तर तो निळा डबा जन्मात सापडला नसता. पण मूळ प्रश्न राहिलाच की. पाळणा थांबवायचा कसा?

होटगी_नाका (दुपारी १२:३०)

हां, ते आता दहा मिनिटांचं काम आहे.

नकाशा ब्राउझरमध्ये व्हिस नावाची चित्र काढणारी लायब्ररी काढते. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा स्प्रिंगसारख्या ओढतात, आणि सगळं शांत होईपर्यंत गणित चालतं. नेटवरून चिकटवलेला तुकडा मूळ सेटिंगच्या पूर्ण जागी बसला, आणि मूळात जे लेआउटखाली 'रँडम सीड' होतं ते गेलं. सीड ठरलेला असला की सुरुवात दर वेळी त्याच जागांवरनं होते, म्हणून चित्रही तेच येतं. तो नसला की दर रिफ्रेशला नवा डाव. सीड परत टाका, आकडा कुठलाही द्या, फक्त तोच ठेवा.

फिरणं दिसायचं कारण, त्या तुकड्यात 'स्टॅबिलायझेशन' फॉल्स असणार. ते ट्रू करा, म्हणजे गणित आधी उरकतं आणि मग चित्र दिसतं. तरी शेवटी कडेचे ठिपके थरथरत राहिले तर 'मिनिमम व्हेलॉसिटी' थोडी वाढवा. वेग तिच्याखाली गेला की गणित थांबतं. बाकी स्प्रिंग लेंग्थ वगैरे ज्याच्या त्याच्या स्क्रीनप्रमाणं. मी स्वतः मूळ आकडे फार बदलत नाही.

'हायरार्किकल' चालू करून वरून खाली झाडही काढता येतं, पण रिंग असली की ते जरा वेडंवाकडं येतं. मला आवडत नाही.

विजापूर_वेस (दुपारी ४:००)

मालकांसाठी मी वेगळं सुचवीन. लिब्रेएनएमएसमध्ये कस्टम मॅप आहे. कारखान्याचा प्लॅन मागं चित्र म्हणून लावायचा आणि स्विच खरोखर जिथं आहेत तिथं बसवायचे. तो हलत नाही, फक्त रंग बदलतो. मालकांना शेड कळते, टोपॉलॉजीशी त्यांना काय करायचंय? आपोआप बनणारा नकाशा तुमच्या कामासाठी ठेवा.

आता रंगांवरनं एक विचारते. शेडमध्ये कुठं वायरलेस लिंक आहे का?

टॉवेलवाला_आयटी (संध्याकाळी ५:१०)

आहे ताई. रस्त्यापलीकडच्या जुन्या गोडाऊनला रेडिओनं. नकाशात ती रेघ कायम हिरवी असते, वापर १० टक्क्यांच्या आसपास. पण तिथले लोक रोज ओरडतात की बिलिंग हळू चालतं.

विजापूर_वेस (संध्याकाळी ५:३५)

वाटलंच. रेघेचा रंग पोर्टच्या स्पीडवर ठरतो. रेडिओच्या केबलचं पोर्ट एक गिगाबिट सांगतं, आणि हवेतनं समजा १०० मेगाबिटच जातात. म्हणजे लिंक गळ्यापर्यंत भरली तरी नकाशा म्हणतो १० टक्के, हिरवं. खोटं बोलत नाही तो, त्याला सांगितलेलं चुकीचं आहे. रेडिओच्या पानावर खरी क्षमता किती मिळते ते दिवसात दोनतीनदा बघा आणि लिब्रेएनएमएसमध्ये त्या पोर्टचा स्पीड हातानं तेवढा लिहा.

आणखी एक. कुठली उपकरणं एसएनएमपी व्ही-वननं (सगळ्यात जुन्या आवृत्तीनं) जोडलीत का? त्यात ६४ बिटचे काउंटर (पोर्टमधून किती डेटा गेला ते मोजणारे) मिळत नाहीत. ३२ बिटचा काउंटर पूर्ण वेगातल्या गिगाबिट लिंकवर ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो आणि तुम्ही विचारता पाच मिनिटांनी. मधे किती फेरे झाले ते कुणाला कळणार? निदान व्ही-टू-सी करा. व्ही-थ्री (त्यात पासवर्ड उघडा जात नाही) केलंत तर संपादकही खूश.

होटगी_नाका (संध्याकाळी ६:००)

ताईंनी रेडिओचं सांगितलं ते सोन्यासारखं, मलाही सुचलं नव्हतं. माझी एक भर. आपल्याकडं लाइट गेली-आली की काही स्विच पोर्टचे इंडेक्स बदलून उठतात, मग ग्राफ भलत्याच पोर्टला चिकटतात. अशा स्विचपुरतं 'पोर्ट असोसिएशन मोड' आयएफ-इंडेक्सवरून (पोर्टच्या नंबरावरून) आयएफ-नेमवर (पोर्टच्या नावावर) न्या. बदलण्याआधी बॅकअप घ्या.

टॉवेलवाला_आयटी (पुढचा मंगळवार, रात्री १०:१५)

सगळं केलं. थोडक्यात सांगतो.

कोअर रूट झाला. शेड ३ आता थेट येतं, इलेक्ट्रिशियनची केबल राखीव पडून आहे. सीड टाकला, पाळणा थांबला. तीन जुनी उपकरणं व्ही-वनवर होती ती बदलली. रेडिओची क्षमता बघितली तर दुपारी ९० च्या आसपास. पोर्टचा स्पीड ९० लिहिला आणि रेघ लगेच लालभडक. तसंच्या तसं मालकांना दाखवलं. पाच मिनिटं बघत बसले, मग म्हणाले, "फायबरला किती येईल?" दोन वर्षं मी तोंडानं सांगत होतो.

कस्टम मॅपही बनवला. मागं प्लॅन, वर ३९ ठिपके.

@भाकरी_कडक, ए-थ्री प्रिंटही मारून दारावर लावलीय. तारीख लिहून.

भाकरी_कडक (रात्री १०:३०)

😄 शेंगा चटणीचं पाकीट होटगी नाक्यावर पोचवा आता. आणि त्या निळ्या डब्याचं काय केलंत?

टॉवेलवाला_आयटी (रात्री १०:३४)

टेबलाच्या खणात कुलपात आहे. काल अकाउंट्सवाले मागायला आले होते, "एक जास्तीचा पोर्ट पाहिजे, तो डबा द्या की." म्हटलं, जळाला.